नेटवर्क नसलेलं गाव, डाउनलोड केलेला आवाज आणि १९५६ चा रेडिओ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

  

दर वेळी मी तुम्हाला कुठल्या तरी किल्ल्यावर नाहीतर कुठल्या तरी दरबारात घेऊन जातो. आज नाही. आज आपण जाणार आहोत नाशिक जिल्ह्यात, पण द्राक्षाच्या बागांकडे नाही आणि गोदाघाटावरही नाही. जायचंय सुरगाण्याकडे. नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून एसटी पकडायची, दिंडोरी, वणी, बोरगाव करत गुजरातच्या हद्दीपर्यंत. साधारण नव्वद किलोमीटर. नकाशात जवळ वाटतं. पावसाळ्यात तो रस्ता केला की जवळ म्हणजे काय ते कळतं.

खूप जणांनी मेसेज करून विचारलंय, "दादा, तुम्ही पॉडकास्टकडे कसे वळलात?" त्याचं उत्तर त्या रस्त्याच्या टोकाला आहे. पण मला फक्त माझी गोष्ट सांगायची नाही. नंतर मला कळलं, की मी तिथे जे केलं त्याचा एक जुना इतिहास आहे आणि त्यात नाशिक जिल्हा थेट आहे. तो इतिहास आपल्याला कुणी सांगितलाच नाही. म्हणून हा भाग.

एक गोष्ट आधीच सांगतो. यात काही लोकांच्या आजाराचा विषय येणार आहे. म्हणून गावाचं नाव घेणार नाही, माणसांची नावं घेणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चालेल ना? चला.

टेकडीवरची एक काडी

२०१८ चा जून. डीएमएलटी झालेलं, वय तेवीस, आणि पहिली नोकरी. सुरगाणा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन, कंत्राटी. काम म्हणजे मलेरियाच्या स्लाइड बघायच्या, टीबीसाठी थुंकी तपासायची, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करायची. राहायला मागच्या बाजूला एक खोली, तिच्या खिडकीतून भाताची खाचरं आणि त्यामागे डोंगर.

पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. लाइट जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही. आणि नेटवर्क? गावात शून्य. केंद्राच्या मागच्या टेकडीवर एका सादड्याच्या झाडाखाली उभं राहिलं की एक काडी यायची. कधी कधी ती काडीसुद्धा गुजरातच्या टॉवरची असायची. तिथे मी रोज संध्याकाळी छत्री घेऊन जायचो आणि आईला फोन करून सांगायचो, "हो, जेवलो. हो, बरा आहे."

बरा नव्हतो. खरं सांगतो, पहिल्या महिन्यात मी दोनदा राजीनामा लिहिला होता. एकटेपणाचा आवाज असतो. रात्री पत्र्यावर पाऊस वाजत असतो, बेडूक ओरडत असतात आणि त्यात माणसाचा एकही आवाज नसतो. गावातले लोक आपसात कोकणी बोलायचे. ही गोव्याची कोकणी नाही हं, डांग-सुरगाण्याकडच्या कोकणा समाजाची बोली. मला त्यातलं निम्मं कळायचं. माझं मराठी त्यांना कळायचं, पण त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. "बरं सर," एवढंच.

जुलैमध्ये एका शनिवारी नाशिकला घरी आलो. मित्राने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. म्हणाला, "हे ऐकत जा. आणि हे बघ, इथे बाण आहे. दाबला की डाउनलोड होतं. मग नेट नको." त्या रात्री घरच्या वायफायवर मी अकरा भाग उतरवून घेतले. काही इंग्रजी, काही हिंदी. तेव्हा मराठीत शोधायला गेलं की फार काही हाती लागत नव्हतं.

रविवारी रात्री पुन्हा त्या खोलीत. लाइट नाही. इअरफोन लावला आणि कुणीतरी माझ्या कानात बोलायला लागलं. घाई नाही, जाहिरातबाजी नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला गोष्ट सांगतोय. मी तो एक भाग त्या रात्री दोनदा ऐकला. विषय काय होता तेही आता आठवत नाही. आवाज आठवतो.

मग आठवड्याचं गणित बसलं. शनिवारी वणीला किंवा नाशिकला जायचं, भाग उतरवून घ्यायचे, आठवडाभर पुरवून वापरायचे. सोमवारी एक, मंगळवारी एक. घासलेट रेशनवर मिळायचं ना, तसं.

हे मुळात हळू नेटसाठीच बनलं होतं

इथे थांबून थोडा इतिहास बघू. कारण मला तेव्हा वाटायचं, की पॉडकास्ट ही फास्ट नेटवाल्या शहरी लोकांची चीज आहे आणि मी ती जंगलात उसनी वापरतोय. प्रकरण उलटं निघालं.

साल २०००. अमेरिकेत डेव्ह वायनर नावाचा एक सॉफ्टवेअरवाला आणि अ‍ॅडम करी नावाचा एमटीव्हीवरचा जुना निवेदक, हे दोघं भेटले. करीची तक्रार साधी होती. इंटरनेटवर आवाजाची किंवा व्हिडिओची मोठी फाइल ऐकायला-बघायला गेलं, की क्लिक करा आणि वाट बघत बसा. नेट इतकं हळू, की थांबण्याचा वेळ ऐकण्यापेक्षा जास्त. त्याची कल्पना अशी: माणूस झोपलेला असताना कॉम्प्युटरने फाइल गुपचूप उतरवून ठेवावी. सकाळी उठलं की ती तयार. क्लिक केलं की लगेच सुरू.

वायनरने ही सोय आरएसएस नावाच्या पद्धतीत बसवली. आरएसएस म्हणजे सोप्या भाषेत एक यादी. वेबसाइट सांगते, "माझ्याकडे हे नवीन आलंय," आणि तुमचा कॉम्प्युटर ती यादी स्वतःहून तपासतो. त्या यादीत आवाजाची फाइल जोडायची सोय झाली. पुढे २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'द गार्डियन'मधल्या एका लेखात या प्रकाराला काय म्हणावं याची दोन-तीन नावं सुचवली. त्यातलं एक होतं 'पॉडकास्टिंग'. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. २००५ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

म्हणजे बघा. आधी उतरवा, मग ऐका, ही पॉडकास्टची मूळ रचना आहे. तो जन्मला तोच 'नेट पुरेसं नाही' या अडचणीतून. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपण सगळं थेट चालू करून ऐकायला लागलो. त्यामुळे तो बाण कशासाठी होता हे विसरलो. सुरगाण्यात मी पॉडकास्ट जुगाड करून वापरत नव्हतो. तो ज्यासाठी बनला, तसाच वापरत होतो.

"काय ऐकता एवढं, सर?"

आता गोष्टीतला खरा माणूस. आमच्या केंद्राच्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. वय पंचावन्नच्या आसपास, मिशा पांढऱ्या. सगळे त्यांना काका म्हणायचे. ऑगस्टमधली संध्याकाळ. मी ओसरीत बसून कानात वायर घालून ऐकत होतो आणि मध्येच एकटाच हसलो. काका समोर विडी ओढत बसले होते.

"काय ऐकता एवढं, सर? रोज बघतो. एकटेच हसता, एकटेच मान हलवता."

मी सांगितलं, रेडिओसारखंच असतं काका. गोष्टी असतात, माहिती असते.

काका म्हणाले, "रेडिओ? मग कानात कशाला घातला?"

मला उत्तर सुचलं नाही. काका पुढे सांगायला लागले. ते लहान असताना, म्हणजे सत्तरच्या आसपास, त्यांच्या मामाच्या गावात ग्रामपंचायतीचा एक रेडिओ होता. संध्याकाळी चालू व्हायचा. ज्याला यायचं तो यायचा. बातम्या, शेतीचं, भजन. आणि काका म्हणाले, "बंद झाला ना, की खरी मजा. मग म्हातारे भांडायचे. हा म्हणायचा रेडिओवाला खरं बोलला, तो म्हणायचा त्याला काय कळतंय नागलीतलं. रेडिओ अर्धा तास आणि भांडण दोन तास."

मी हसलो आणि इअरफोन काढून ठेवला. ते वाक्य मात्र डोक्यात राहिलं. रेडिओ अर्धा तास आणि भांडण दोन तास.

१९५६: पाच जिल्हे, दीडशे गावं

हा पुढचा भाग मला तेव्हा माहीत नव्हता. नोकरी सोडल्यावर इतिहासात एम.ए. करताना युनेस्कोचा १९५९ चा एक जुना अहवाल हातात आला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. काकांनी सांगितलेल्या त्या 'भांडणा'वर जगातला एक नावाजलेला प्रयोग झाला होता. तोही आपल्या मराठी गावांत.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून सीबीसी या रेडिओने नॅशनल फार्म रेडिओ फोरम चालवला. हिवाळ्यात बर्फ पडला की शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमायचे, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचे, मग चर्चा करायचे आणि मतं लिहून रेडिओकडे पाठवायचे. त्यांचं ब्रीद होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

युनेस्कोला हे भारतात करून बघायचं होतं. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. आयसीएस अधिकारी, पण त्याचबरोबर हिंदीतले नाटककार. 'कोणार्क' हे नाटक त्यांचंच. प्रयोगासाठी तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. गावं दीडशे. कार्यक्रम आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून. ते केंद्र सुरू होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं मंडळ. त्यात एक अध्यक्ष, एक लिहिणारा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. काय पटलं, काय नाही, आपल्या गावात यातलं काय होऊ शकतं. प्रश्न पडला तर लिहून पुण्याला पाठवायचा. आणि पुण्याहून त्याचं उत्तर पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून यायचं! विचार करा, १९५६ मध्ये खेड्यातला एखादा शेतकरी प्रश्न विचारतोय आणि रेडिओ त्याला उत्तर देतोय. आज आपण ज्याला कमेंट सेक्शन म्हणतो ना, ते पोस्टाने चाललं होतं.

याचा उपयोग होतो की नाही हे मोजायचं काम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होतं. त्याची सूत्रं होती पॉल न्यूराथ यांच्याकडे. हा माणूस कोण? मूळचा व्हिएन्नाचा. नाझींनी त्याला डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं होतं. तिथून सुटून अमेरिकेत गेला, समाजशास्त्रज्ञ झाला आणि पन्नाशीच्या दशकात मुंबईत शिकवायला आला. त्याचे वडील ओटो न्यूराथ यांनी चित्रखुणांची एक भाषा तयार केली होती, आकडेवारी सामान्य माणसाला चित्रातून कळावी म्हणून. वडिलांनी डोळ्यांसाठी काम केलं, मुलगा आपल्या मराठी खेड्यांत कानांचं मोजमाप करायला आला.

त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली. एक, जिथे रेडिओही आहे आणि मंडळही. दोन, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही. तीन, जिथे रेडिओच नाही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले.

निकाल काय आला? मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? अगदी थोडी. जवळजवळ न वाढल्यासारखी.

हे नीट ऐका, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे. आवाज तोच. कार्यक्रम उपलब्ध तोच. फरक एकाच गोष्टीने पडला: ऐकून झाल्यावर बोलायला माणसं होती की नाही. आणि नुसती माहिती वाढून थांबली नाही. मंडळांनी निर्णय घेतले. कुठे विहिरी खोदल्या, कुठे जातिवंत वळू आणला, लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठे बालवाडी सुरू झाली.

ओसरीतला स्पीकर

परत २०१८ मध्ये. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त काकांचं ते वाक्य माहीत होतं. गणपती झाल्यावर मी नाशिकहून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला आणि एका संध्याकाळी ओसरीत लावला.

पहिला प्रयोग साफ फसला. मला आवडणारा इतिहासाचा एक हिंदी भाग मी लावला. सात-आठ जण आले, दहा मिनिटांत पाच उठून गेले. उरलेले माझ्याकडे बघून सौजन्याने मान हलवत होते. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" उत्तर आलं, "बरं होतं, सर." तेच. आमच्या आशाताई स्पष्ट होत्या. म्हणाल्या, "सर, तो माणूस तुमच्याशी बोलत होता. आमच्याशी नव्हता बोलत."

लागलं मला ते. पण खरं होतं.

त्याच दिवसांत कामात एक अडचण चालू होती. सिकलसेलची तपासणी करायला तरुण पोरं येत नव्हती. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, प्रचंड दुखतं. काही जण फक्त वाहक असतात. वाहक म्हणजे त्यांना सहसा त्रास नसतो. पण आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मुलाला आजार होईल. तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, द्रावणात टाकायचं. द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढची तपासणी करायची.

भिंतीवर पोस्टर होतं. त्यावर सगळं बरोबर लिहिलेलं होतं. आणि गावात चर्चा होती, की "ज्याचं रक्त खराब निघतं त्याचं लग्न मोडतं." पोस्टरवर या वाक्याला उत्तरच नव्हतं. पोस्टरला कुणी प्रश्न विचारत नाही ना.

मग आमच्या डॉक्टर मॅडम, आशाताई आणि मी, आम्ही तिघांनी एक उद्योग केला. माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं. मॅडम मराठीत दोन वाक्यं बोलायच्या, आशाताई तेच त्यांच्या बोलीत स्वतःच्या पद्धतीने सांगायच्या. आठ मिनिटं. मागे कोंबडा ओरडतोय, मध्येच कुणीतरी दार वाजवतंय. काढलं नाही काही. तसंच ओसरीत लावलं. मग काकांच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, मग लसीकरणाच्या दिवशी बायका रांगेत बसलेल्या असताना.

संपलं, की बंद करायचं आणि बसून राहायचं. काका म्हणाले होते तसं.

तिसऱ्या का चौथ्या वेळी एक बाप उठला. पोराचं लग्न ठरलेलं. पोरगा तपासणीत वाहक निघाला होता, आणि ते मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, बाकी कुणाला नव्हतं. बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "समजा पोरगा तसा निघाला. मग लग्न मोडायचं का? ते सांगा. ते तुमचा फोन सांगत नाही."

ओसरी गप्प. मॅडम त्या दिवशी तिथे नव्हत्या. मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. तेवीस वर्षांचा मी, त्या माणसाला काय सांगणार होतो?

दोन दिवसांनी आम्ही दुसरी फाइल केली. त्यात फक्त त्या प्रश्नाचं उत्तर. मॅडम म्हणाल्या, लग्न मोडा असं आम्ही म्हणत नाही, म्हणणार नाही. वाहक माणूस आजारी नाही, त्याचं रक्त खराब नाही. समोरच्याचीही तपासणी करा, म्हणजे दोघांना कळेल. दोघंही वाहक असले तर निर्णय तुमचा, आणि गरोदरपणात लवकर तपासणी करता येते, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात कसं जायचं ते आम्ही बघू. आशाताईंनी ते बोलीत सांगितलं, आणि स्वतःच्या मनाने एक वाक्य वाढवलं, की माझ्या घरात पण एक वाहक आहे. हे आम्हालाही माहीत नव्हतं.

ती मुलगी तपासणीला आली. तीही वाहक निघाली.

त्यांनी लग्न केलं. एप्रिलमध्ये, भर उन्हात. मला आणि काकांना पंगतीत बसवलं. मी इथे कुठलाही निष्कर्ष काढत नाही. त्या दोघांनी जे केलं ते बरोबर की चूक, हे ठरवणारा मी कोण? मला एवढंच माहीत आहे, की त्यांनी ते माहिती असताना केलं, लपवून नाही. आणि पहिल्याच महिन्यात ती स्वतःहून नाव नोंदवायला आली, नवरा बरोबर होता.

पोस्टर तीन वर्षं भिंतीवर होतं.

मग ती मंडळं गेली कुठे?

१९५६ चा प्रयोग इतका यशस्वी झाला, तर पुढे काय झालं? १९५९ पासून ही योजना देशभर नेली. मंडळांची संख्या हजारांत गेली. आणि हळूहळू सगळं विझलं.

कारण मला त्या अहवालातच दिसतं. पहिल्या वेळी प्रत्येक जिल्ह्यासाठी एक संघटक होता. तो गावोगाव जायचा, मंडळ जमलं का बघायचा, प्रश्न पुण्याला पोचले का बघायचा. देशभर पसरवताना तेवढी माणसं दिली गेली नाहीत. रेडिओ पोचवणं सोपं असतं. रेडिओ बंद झाल्यावर थांबणारा माणूस पोचवणं अवघड असतं. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ घरोघरी, खिशात गेला, शेवटी इअरफोन होऊन कानात. काकांचा प्रश्न तोच होता: मग कानात कशाला घातला?

पण धागा पूर्ण तुटला नाही. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरवर फोन करायचा आणि आपली बातमी, आपली तक्रार आपल्या आवाजात, गोंडीतसुद्धा, नोंदवायची. दुसरे फोन करून ती ऐकतात. पुढे त्यांनी नेट नसलेल्या गावांसाठी 'बुल्टू रेडिओ' केला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. नेट असलेल्या ठिकाणी फाइल उतरवायची आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देत गावात न्यायची. आमचा अ‍ॅम्ब्युलन्सचा उद्योग याच जातीचा होता.

आणि आपल्याकडे, सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो. गावातल्या बायका तिथे स्वतः बोलतात. १९५६ च्या पाच जिल्ह्यांत साताऱ्याचा भाग होता, आठवतंय ना?

आणखी एक. सुरगाणा, पेठ, डांग या पट्ट्यात थाळगान आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी करतात, ती बोटांनी ओढली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर रात्रभर कथा सांगतात. कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची. एक सांगतो, दुसरा साथ देतो, लोक भोवती बसतात. मी एकदा मार्गशीर्षात ऐकलं, कडाक्याच्या थंडीत, शेकोटीपाशी. तासाभराने लक्षात आलं, की मला वाटत होतं मी या गावात लांबलचक गोष्टी ऐकायची पद्धत आणली. ती तर इथे माझ्या आधीपासून होती. माझ्याकडे फक्त स्पीकर होता.

आता तुमचं काय?

मी ती नोकरी २०२० च्या सुरुवातीला सोडली. कंत्राट संपलं, पुढचं आलं नाही. निघताना तो स्पीकर आशाताईंकडे ठेवला. फोन केला की त्या अजून विचारतात, "सर, नवीन काय आहे का?" आणि मी म्हणतो, "ताई, तुम्ही काय रेकॉर्ड केलंत ते सांगा."

मग मी हा पॉडकास्ट सुरू केला. आता तुम्ही हजारो जण ऐकता. मला आनंद आहेच. पण १९५६ चा तो निकाल मला झोपू देत नाही. मंडळ नसलेल्या गावांत रेडिओ वाजत होता, लोक ऐकत होते, आणि फारसं काही बदललं नव्हतं. मग मी तुमच्या कानात अर्धा तास बोलतो त्याचं काय होतं? कदाचित काहीच नाही. कदाचित आत्ता तुम्ही थांब्यावर उतराल, इअरफोन गुंडाळाल आणि हे सगळं तिथेच राहील.

म्हणून आज लाइक, शेअर काही मागत नाही. एकच मागतो. हा भाग, किंवा माझा नाही तर दुसऱ्या कुणाचा, या आठवड्यात एकदा वायर काढून ऐका. घरात, हॉस्टेलच्या खोलीत, कटिंग घेताना टपरीवर. आईबरोबर, आजोबांबरोबर, रूममेटबरोबर. एक जण पुरे. आणि संपला की लगेच पुढचा लावू नका. बंद करा. थांबा. समोरचा म्हणेल, याला काय कळतंय.

म्हणू द्या. तिथून सुरू होतं.

आणि त्या वेळी जो प्रश्न निघेल, जो माझा फोन सांगत नाही, तो मला पाठवा. पुढच्या भागात आधी त्याचंच उत्तर. पुण्याच्या केंद्राने १९५६ मध्ये द्यायचं तसं.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.